लोगो घडतो कसा? काम सुरू करण्याआधी नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात बसून मी गेली सतरा वर्षं लोगो आणि अक्षरं करते आहे. ग्राहक बहुतेक छोटे: तेलघाणा, पतसंस्था, दातांचा दवाखाना, बालवाडी, बियाण्यांचं दुकान. पहिल्या फोनवर जे प्रश्न हमखास येतात, त्यांची उत्तरं इथं सावकाशीनं लिहिली आहेत. वाचून आलात तर आपला वेळ कामाच्या बोलण्याला मिळेल.

नाव सांगितलं की लगेच काढायला बसता का?

नाही. आधी ऐकायला बसते. पहिली भेट दोन तासांची असते आणि त्यात मी कागदावर एक रेघही मारत नाही. धंदा कसा सुरू झाला, माल कुठून येतो, गिऱ्हाईक कोण, ते तुम्हाला कोणत्या नावानं ओळखतं, शेजारच्या दुकानात न जाता तुमच्याकडे का येतं, हे सगळं विचारते. पुष्कळदा दुकानाच्या पाटीवर एक नाव असतं आणि गावाच्या तोंडी दुसरंच. "त्या लिंबाखालच्याकडनं आण" असं लोक म्हणत असतील, तर मला त्या लिंबाबद्दल माहिती हवी.

मी काय तयारी करून यावं?

आजवर छापलेलं सगळं घेऊन या: बिलबुक, पिशवी, जुना शिक्का, लग्नाच्या अहेरावर चिकटवलेलं व्हिजिटिंग कार्डसुद्धा. आणि लोगो जिथं जिथं लागणार आहे, त्या जागांची यादी करा. टेम्पोची बाजू, बाटलीचं झाकण, व्हॉट्सअॅपचा डीपी, पावतीवरचा शिक्का. डीपी गोल कापला जातो, झाकण तीन सेंटिमीटरचं असतं, टेम्पो रस्त्यानं पळत असतो. ही यादी हातात असली की माझं निम्मं काम सोपं होतं. "आम्हाला असाच हवा" म्हणून दुसऱ्यांचे लोगो आणू नका. त्यापेक्षा तुम्हाला न आवडणारे चार आणा. नावड माणूस नेमकी सांगू शकतो.

आमच्या जागेवर यायची खरंच गरज आहे का? फोटो पाठवले तर चालणार नाही?

फोटोत काय घ्यायचं ते तुम्ही ठरवता, आणि मला नेमकं तुम्ही वगळलेलं बघायचं असतं. बार्शी तालुक्यातल्या एका जोडप्याचं उदाहरण देते, त्यांच्या परवानगीनं आणि नाव न सांगता. करडई आणि शेंगदाण्याचं तेल ते लाकडी घाण्यावर काढतात. फोनवर मागणी अगदी ठरलेली होती: घाणा ओढणारा बैल, मागं उगवता सूर्य, खाली नाव.

मी गेले. पत्र्याच्या शेडमध्ये घाणा मोटरवर फिरत होता. लाकडी उखळ, त्यात तिरकी बसवलेली लाट, म्हणजे दाणे दाबणारा जाड लाकडी दांडा, आणि ती फिरताना येणारी एकसुरी कुरकुर. दादा मधूनमधून कडेची पेंड चिमटीत घेऊन दाबून बघत, कधी ओंजळभर पाण्याचा हबका देत, पुन्हा बघत. किती पाणी, याला माप नव्हतं. बोटं सांगतील तेवढं. मी वहिनींना विचारलं, बैल कुठं बांधता? त्या म्हणाल्या, "बैल कुठला ताई, दोन वर्षं झाली मोटर बसवून. चित्रात बैल बघून आलेला माणूस इथं येऊन काय म्हणंल?"

बैल तिथंच गेला. लोगोनं खोटं बोलू नये हा माझा पहिला नियम आहे आणि तो मी सोडत नाही. तेल बैलानं निघतं का, असं कुणी विचारलंही नव्हतं; लाकडी उखळ खरं होतं, लाट खरी होती, चिमटीतली पेंड खरी होती. त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर 'ठ'. म्हणजे एक गोल आणि शिरोरेषेवरून त्यात उतरणारा छोटा दांडा. परतीच्या एसटीत मी तिकिटाच्या मागं तो दांडा जरा कलवून बघितला. गोलाचं उखळ झालं, दांड्याची लाट झाली.

इतक्या लवकर काही सुचलं की मला भीती वाटते, म्हणून पुढचे आठ दिवस मी दुसऱ्याच वाटा चाचपल्या. करडईचं फूल, तेलाचा थेंब, पणती. सगळ्या वाटा शंभर तेलवाल्यांच्या होत्या. 'ठ' एकट्या त्यांचा होता. पण पहिल्या रेखाटनात दांडा इतका कलला होता की त्यांच्या सातवीतल्या मुलानं तो 'ढ' वाचला. लेकरानं चुकीचं वाचलं म्हणजे चूक अक्षराची. मग कल कमी करत आणला, लाटेसारखा दांडा शिरोरेषेच्या थोडा वर काढला, आणि शिरोरेषा त्याच्या दोन्ही अंगांना केसभर तोडली. अकरा अंशांवर मुलगा 'ठ' म्हणाला आणि वडील "ही आपली लाट" म्हणाले. तिथं थांबले.

कल्पना येते कुठून?

सगळ्यात जास्त वेळा, समोर असलेल्या गोष्टींतूनच. २०१४ साली स्वच्छ भारत अभियानासाठी आलेल्या प्रवेशिकांमधून कोल्हापूरच्या अनंत खासबारदारांचं बोधचिन्ह निवडलं गेलं. गांधीजींचा चष्मा, एका भिंगावर 'स्वच्छ', दुसऱ्यावर 'भारत', मधली दांडी तिरंगी. झाडू नाही, कचरापेटी नाही. तो चष्मा आपण सगळ्यांनीच आयुष्यभर पाहिलेला. त्याला दोन भिंगं आहेत आणि घोषणेला दोन शब्द आहेत, हे मात्र त्यांनी जुळवलं.

रुपयाचं चिन्हही तसंच. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकलेल्या उदय कुमार यांचं ते काम, १५ जुलै २०१० रोजी केंद्र सरकारनं स्वीकारलेलं. देवनागरी 'र' आणि रोमन 'आर' एकाच आकारात बसवता येतात, ही त्यातली सापडलेली गोष्ट. वरच्या दोन आडव्या रेघांत शिरोरेषा आहे, आणि मधल्या मोकळ्या जागेसह तिरंग्याचा भासही आहे. आपण रोज शेकडो वेळा शिरोरेषा ओढतो, पण ती आपली ओळख सांगू शकते हे त्या चिन्हानं जगाच्या कीबोर्डवर नेऊन ठेवलं. मला आजही ते बघून आनंद होतो.

हातानं काम करण्याबद्दल एवढंच सांगते: मी पहिले आठ-दहा दिवस संगणक उघडत नाही. पेन्सिल आणि वहीच. स्क्रीनवर काढलेली वाईट रेघही गुळगुळीत दिसते आणि फसवते. एका कामाला साठ-सत्तर रेखाटनं होतात, त्यातली पहिली वीस कुणालाही सुचतील अशीच असतात. ती काढून टाकल्याशिवाय पुढची येत नाहीत, म्हणून तीही मन लावून काढायची.

मराठी आणि इंग्रजी दोन्ही हवेत. इंग्रजीत आधी करू, मराठी नंतर बसवू, चालेल?

यावर माझं मत ठाम आहे: मराठी आधी, किंवा दोन्ही एकदम. मराठी "नंतर बसवली" की ती बसवल्यासारखीच दिसते.

एक तर कायद्याची बाजू आहे. दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात पाटीवर मराठी देवनागरीत आणि आधी असावी लागते, आणि तिचा आकार इतर लिपींपेक्षा लहान असून चालत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुंबईतल्या व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा इंग्रजी लोगोखाली घाईघाईनं टाइप केलेली मराठी नावं सगळीकडे उगवली. बघवत नव्हती ती.

दुसरी बाजू अक्षरांची. रोमन अक्षरं तळरेषेवर उभी असतात, आपली शिरोरेषेला टांगलेली असतात. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. म्हणजे दोन्ही ओळी एकाच उंचीच्या केल्या तर मराठी अक्षराचा मूळ देह बारीक होतो. माप सारखं असूनही डोळ्याला मराठी दबलेली दिसते. शिवाय बोरूची तासणी रोमन लेखणीच्या उलट तिरकी, म्हणून जाड-बारीकपणा उलट्या बाजूला पडतो. इंग्रजी फॉन्टचे तुकडे कापून 'ब' आणि 'भ' जुळवले की ते आजारी का दिसतात, याचं कारण बहुधा इथं सापडतं.

आणि 'ल'. मराठीचा पाकळीचा 'ल' आणि हिंदीत रूढ असलेला दांड्याचा 'ल' वेगळे आहेत. पुष्कळ फॉन्टमध्ये दोन्ही असतात, पण सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडली नाही तर हिंदी 'ल' येऊन बसतो. गावच्या नावाच्या पाटीवर तो बघितला की मला खडा लागल्यासारखं होतं.

चांगले मराठी फॉन्ट आहेत ना? त्यातलाच एक घेतला तर?

आहेत, आणि त्यांचा मला अभिमान आहे. मुंबईच्या 'एक टाइप'नं केलेले मुक्ता आणि बालू हे फॉन्ट कुणालाही फुकट आणि व्यवसायासाठीही वापरता येतात. तुमच्या पत्रकासाठी, वेबसाइटसाठी मी तेच सुचवते. लोगोचं मात्र वेगळं. तुम्ही निवडलेला फॉन्ट उद्या शेजारचा जिमवालाही निवडेल.

मराठी नाटकांच्या जाहिराती आठवा. अक्षरकार कमल शेडग्यांनी प्रत्येक नाटकाचं नाव नव्यानं काढलं. पेपर चाळताना शब्द वाचायच्या आधी ते नाटक विनोदी आहे की गंभीर हे अक्षरांवरून कळायचं. नावाची अक्षरं त्या नावासाठीच काढलेली असली की असं होतं. तयार फॉन्टवरून सुरुवात करून अक्षरं बदलणं हाही रस्ता आहे, खर्च कमी असेल तर मी तो घेते, पण तसं आधी सांगून.

किती पर्याय दाखवता?

दोन. कधी कधी एकच. दहा पर्याय मागितले जातात, मी देत नाही. दहा समोर ठेवले की माणूस याचं डोकं त्याच्या धडाला लावू लागतो. साठ रेखाटनांतून निवडणं हे माझं काम आहे आणि त्याचेच तुम्ही पैसे देता.

पहिल्यांदा काळा-पांढरा का दाखवता? रंगात बघितल्याशिवाय कसं कळणार?

रंग आकारातल्या दोषांची चुगली होऊ देत नाही. केशरी आणि हिरवा मारला की कमकुवत आकारही भरल्यासारखा वाटतो. शिक्का, झेरॉक्स, कोर्टाचा कागद, पुठ्ठ्याच्या खोक्यावरची एकरंगी छपाई, इथं रंग नसतो. तेलवाल्यांचा 'ठ' मी आधी रबरी शिक्क्यावर बनवून घेतला. दांड्याजवळ केसभर तोडलेली शिरोरेषा शाईनं बुजली! ती फट दुप्पट करावी लागली. स्क्रीनवर हे कधीच दिसलं नसतं.

रंग ठरवताना छापणाऱ्याशी बोलते. खोक्यावर एक रंग, लेबलवर दोन, पाऊचवर जितके रंग तितके सिलिंडर, म्हणजे छपाईचे कोरलेले रूळ, आणि तितका खर्च. त्यांचा पिवळा आम्ही काचेच्या बाटलीत तेल भरून, उन्हात धरून ठरवला. त्याला दोन दुपारी गेल्या.

लोगो बघून धंदा कळायलाच हवा ना?

नाही कळला तरी चालतो. स्टेट बँकेचं चिन्ह अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेतल्या शेखर कामत यांनी केलेलं, १९७१ पासूनचं. निळा गोल, त्यात छोटं वर्तुळ आणि खाली जाणारी फट. नोटा नाहीत, तिजोरी नाही. कुणाला त्यात कुलपाचं छिद्र दिसतं, कुणाला माणूस. एलआयसीच्या चिन्हात दिव्याभोवती धरलेले दोन हात आहेत; विमा म्हणजे काय हे आजीला समजावून सांगायला याहून सोपं चित्र नाही. एक धंदा दाखवत नाही, दुसरा धंद्यामागची कृती दाखवतो. दातांच्या डॉक्टरांना मात्र मी नेहमी विनंती करते, की दाढ नको. त्यांच्या इमारतीतच आणखी तीन दाढा असतात.

लोगोत महाराजांचं चित्र हवं आहे. कराल का?

नाही, आणि हे आदरापोटीही आहे आणि कायद्यामुळेही. बोधचिन्हे व नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) अधिनियम, १९५० च्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र, महात्मा गांधींचं नाव आणि चित्र, राष्ट्रध्वज, अशोकचक्र हे सगळं आहे. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते धंद्याच्या चिन्हात वापरता येत नाही. तीन सिंहांची राजमुद्राही नाही. महाराजांवर प्रेम असेल तर त्या काळातली दुसरी शंभर रूपं आपल्याजवळ आहेत. किल्ल्याच्या तटबंदीची रेघ, मोडी लिपीची वळणं. मोडीत लेखणी न उचलता लिहायची धाव आहे, तिच्यातून फार सुंदर चिन्हं निघतात.

घरच्यांना दाखवतो आणि सांगतो, चालेल?

दाखवा, पण प्रश्न नीट विचारा. "आवडला का?" असं विचारलंत की प्रत्येकाला काहीतरी न आवडणं भाग पडतं. "हे काय वाचलंस?" आणि दुसऱ्या दिवशी, कागद न दाखवता, "काल काय बघितलंस ते काढून दाखव" असं विचारा. वहिनींच्या सासूबाईंनी पाटीवर बोटानं गोल आणि तिरका दांडा काढला. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. त्या दिवशी मला खात्री पटली.

आणि पहिल्या नजरेत प्रेम बसलं नाही म्हणून घाबरू नका. नायकेची ती सुप्रसिद्ध खूण कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीनं १९७१ मध्ये ३५ डॉलरला करून दिली, आणि कंपनीच्या फिल नाइटना ती सुरुवातीला फारशी आवडली नव्हती. खूण वापरात मुरते.

एआयवर पाच मिनिटांत लोगो मिळतो. मग तुमच्याकडे का यावं?

तुम्हाला महिन्याभराच्या स्टॉलपुरतं काही हवं असेल तर खुशाल तिथून घ्या. पण नीट झूम करून बघा: जोडाक्षरं मोडलेली असतात, 'क्ष' आणि 'ज्ञ'च्या जागी नसलेलीच अक्षरं येतात. आणि "तेलघाणा" लिहिलंत की बैल येतो. त्या शेडमध्ये बैल नाही हे कुणी जाऊन बघितलेलं नसतं.

किती दिवस लागतात?

पाच ते सहा आठवडे. मुहूर्त ठरला असेल तर पहिल्याच फोनवर सांगा. पंधरा दिवसांत हवा असेल तर मी नाही म्हणते.

शेवटी हातात काय मिळतं?

वेक्टर फाइल, म्हणजे कितीही मोठी केली तरी न फाटणारी: एआय (इलस्ट्रेटर सॉफ्टवेअरची फाइल), पीडीएफ, एसव्हीजी, आणि गावातल्या प्रेसला लागते म्हणून कोरलड्रॉ. पीएनजी मोबाइलसाठी. सगळी अक्षरं कर्व्ह केलेली, म्हणजे फॉन्टवर अवलंबून न राहता नुसते आकार झालेली. हे मी एकदा विसरले होते. एका संस्थेच्या वर्धापनदिनाच्या फ्लेक्ससाठी फाइल गेली, प्रेसच्या संगणकावर तो फॉन्ट नव्हता, आणि वीस फुटी फ्लेक्सवर रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसला. पुन्हा छापायचा खर्च मी दिला. तेव्हापासून फाइल पाठवण्याआधी फॉन्ट नसलेल्या दुसऱ्या लॅपटॉपवर उघडून बघते.

लोगोचे हक्क कुणाचे? ट्रेडमार्कही तुम्हीच करता का?

इथं कृपया घाई करू नका. पैसे दिले म्हणजे कॉपीराइट आपोआप तुमचा झाला असं धरून चालू नका. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १९ नुसार हस्तांतरण लेखी लागतं, आणि त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ते पाचच वर्षांचं मानलं जातं. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. माझ्या करारात कायमस्वरूपी आणि जगभरासाठी असं स्पष्ट असतं. दुसऱ्या कुणाकडून काम करून घेतलंत तरी ही दोन वाक्यं मागून घ्या.

ट्रेडमार्क वकील करतात, पण तसं चिन्ह आधीच कुणाच्या नावावर आहे का, हा शोध मी कामाच्या मध्यावरच घ्यायला लावते. वस्तू-सेवांचे ४५ वर्ग आहेत. खाद्यतेल २९ मध्ये, मसाले ३०मध्ये. उद्या तेलवाल्यांना चटणीही विकायची असेल तर दोन अर्ज-शुल्कं. ऑनलाइन शुल्क व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला एका वर्गाला ४,५०० रुपये, मोठ्या कंपनीला ९,०००. नोंदणी १० वर्षांची, पुढे वाढवता येते. नोंदणी हातात येईपर्यंत गोलातला 'आर' छापू नका, तो गुन्हा आहे. 'टीएम' चालतं.

आमचा जुना लोगो आहे. बदलावा की ठेवावा?

आधी तो मला बघू द्या. २०१० मध्ये गॅप या अमेरिकी कपड्यांच्या कंपनीनं जुना लोगो एकदम टाकून नवा आणला आणि लोकांच्या रोषापुढं आठवड्याभरात परत घेतला. आपल्याकडे तर जुन्या पाट्यांमध्ये मोठा ठेवा पडून आहे.

गेल्या वर्षी एका कापडदुकानाचे मालक "सगळं नवं करा" म्हणत आले. मी पाटी बघायला गेले. १९६० च्या दशकात गावातल्या पेंटरनं ऑइलपेंटनं काढलेली अक्षरं होती. त्यातल्या 'क'च्या पोटाला असा डौल होता की मी रस्त्यापलीकडे उभी राहून बघत राहिले. शिडीवर चढून मी ट्रेसिंग पेपरवर प्रत्येक अक्षर उतरवून घेतलं. दोन जागी रंग उडाला होता, तिथं खालची पेन्सिलची आखणी दिसत होती. पेंटरनं 'क' तीनदा आखून बघितला होता. नव्या लोगोत अक्षरं तीच आहेत, फक्त जोड स्वच्छ केले आणि उकाराला थोडी जागा दिली. दुकानाच्या मालकांनी जुना पत्रा आत गादीच्या मागं लावला आहे.